'सी' कंपनीची पत्रे

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांची इथल्या यादवी युद्धाशी ओळख बहुतेक वेळा मुलांच्या पाठ्यपुस्तकातून होते. गेटिसबर्गची सहल निघते, लिंकनचे छोटे भाषण पाठ करून घेतले जाते आणि वर्गात कधीतरी एखाद्या सैनिकाचे घरी लिहिलेले पत्र वाचले जाते. १९९० साली केन बर्न्सची 'द सिव्हिल वॉर' ही माहितीपट-मालिका आली. तिच्यात ऱ्होड आयलंडच्या सलिव्हन बलू या मेजरचे बायकोला लिहिलेले पत्र व्हायोलिनच्या सुरावर वाचले गेले. बलू १८६१ सालच्या बुल रनच्या लढाईत जखमी होऊन वारला. ते पत्र ऐकून लाखो लोक रडले, आणि तेव्हापासून 'सैनिकाचे पत्र' म्हटले की लोकांच्या मनात तेच येते: गोरा, सुशिक्षित, हळवा, मरणाच्या दारात उभा असलेला नवरा.

मला त्या पत्राबद्दल काही वाकडे बोलायचे नाही. पण पत्रे नुसती लिहून भागत नाही, ती टिकावी लागतात. पत्र टिकायचे तर घर टिकावे लागते, पेटी लागते, ती पेटी जपणारी सून-नात लागते. ज्यांच्या घराला छप्पर नव्हते, ज्यांची बायको दर दोन वर्षांनी भाड्याची खोली बदलत होती, त्यांच्या पत्रांचे काय झाले असेल? सहसा काहीच उरले नाही. जी उरली ती घराबाहेरून कुठून तरी गेली म्हणून उरली: वर्तमानपत्राच्या छापखान्यातून, नाहीतर सरकारी कचेरीतून. अशाच एका कंपनीच्या पत्रांबद्दल इथे लिहिते आहे.

कंपनी म्हणजे आपल्याला आधी ऑफिसच आठवते. पायदळातली कंपनी म्हणजे कागदावर शंभरेक माणसे, आणि अशा दहा कंपन्यांची एक पलटण. त्या युद्धात कंपन्या बहुधा गावागावांतून उभ्या राहिल्या. शेजारचा, मेहुणा, गिरणीतला सोबती, सगळे एकाच तंबूच्या रांगेत. त्यामुळे एकाने घरी लिहिलेले पत्र एकट्याच्या घरचे राहत नसे. अमक्याचा ताप उतरला, तमक्याला बढती मिळाली, ह्याचा पाय गेला, त्याचा पत्ता नाही, हे सगळे एका पत्रातून दहा घरांत पोचत असे.

मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण १८६३ च्या वसंतात बॉस्टनजवळ रीडव्हिल इथे उभी राहिली. उत्तरेकडच्या राज्यांनी उभारलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय पलटणींपैकी ही एक. शिपाई काळे, अधिकारी गोरे. तिच्यातली 'सी' कंपनी मुख्यतः न्यू बेडफर्ड या बंदरातली होती. 'मोबी डिक' वाचलेल्यांना हे गाव माहीत आहे. देवमाशांच्या शिकारीवर जगणारे, जहाजांवर सर्व रंगांचे खलाशी घेणारे आणि पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारे गाव. १८३८ साली गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस पहिल्यांदा स्थिरावला तोही इथेच. जेम्स ग्रेस नावाच्या स्थानिक गोऱ्या व्यापाऱ्याने भरतीचे काम अंगावर घेतले आणि पुढे तोच या कंपनीचा कॅप्टन झाला.

फेब्रुवारी १८६३ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांत जेम्स हेन्री गुडिंग नावाचा चोवीस वर्षांचा खलाशी होता. लवकरच तो कॉर्पोरल झाला, आपल्याकडच्या भाषेत नाईक. भरती झाल्यावर थोड्याच दिवसांत तो 'न्यू बेडफर्ड मर्क्युरी' या वर्तमानपत्राला जवळजवळ दर आठवड्याला पत्र पाठवू लागला. मार्च १८६३ पासून फेब्रुवारी १८६४ पर्यंत अशी ४८ पत्रे छापून आली, खाली सही म्हणून नुसती तीन आद्याक्षरे. गावातल्या गोऱ्या वाचकांना ही युद्धवार्ता होती. पण 'सी' कंपनीच्या बायकांना आणि आयांना ही घरचीच पत्रे होती. ज्या घरात कोणाला वाचता येत नव्हते तिथेही छापील पान कोणाकडून तरी वाचून घेता येत असे.

सुरुवातीची पत्रे छावणीची आहेत. थंडी, कवायत, जेवण, नवे गणवेश, आज किती भरती झाले. मध्येच गुडिंग गावात मागे राहिलेल्या तरुणांना टोचतो. त्याचे म्हणणे असे की जगाने आपल्याला माणूस म्हणून मान द्यावा असे वाटत असेल तर घरची ऊब आणि भीती सोडून लढायला यावे लागेल. हे तो गोऱ्या संपादकाच्या पेपरात लिहितो आहे, सगळे गाव वाचणार हे ठाऊक असताना. एका दगडात दोन पक्षी. काळ्या तरुणांना बोलावणे आणि गोऱ्या वाचकांना दाखवून देणे की आमच्यातही लाज-अब्रूची भाषा बोलली जाते.

या पलटणीच्या लोकांना लढाईत मरण्याखेरीज आणखी एक भीती होती. दक्षिणेच्या सरकारने जाहीर केले होते की काळा सैनिक पकडला गेला तर त्याला युद्धकैदी मानणार नाही. त्याला राज्याच्या हवाली करतील, आणि तिथे गुलामांच्या बंडाचा कायदा लागू होईल. म्हणजे फाशी, नाहीतर विक्री. तरीही २८ मे १८६३ रोजी पलटण बॉस्टनहून जहाजात बसून दक्षिण कॅरोलायनाकडे निघाली.

१८ जुलैला चार्ल्सटनच्या तोंडाशी असलेल्या मॉरिस बेटावर फोर्ट वॅग्नरचा हल्ला झाला. ५४ वी पलटण सर्वांत पुढे होती. सुमारे ६०० जणांपैकी २७२ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ तटावर पडला आणि त्याला त्याच्याच शिपायांबरोबर एका खड्ड्यात पुरले गेले. किल्ला काही मिळाला नाही. दोन दिवसांनी, २० जुलैला, पलटणीचा सार्जंट-मेजर लुइस डग्लस (फ्रेडरिक डग्लसचा मुलगा) याने आपल्या वाग्दत्त वधूला, अमीलियाला पत्र लिहिले. घाईचे पत्र आहे. आपण धडधाकट आहोत, कोण पडले, कोण सापडत नाही, आज रात्री परत हल्ला होईल, मेलो तर भित्रा म्हणून मरणार नाही, आणि अशी एक लाख माणसे मिळाली तर हे युद्ध संपवू. त्याच सुमारास गुडिंगचे पत्र 'मर्क्युरी'कडे निघाले. त्यात 'सी' कंपनीतले मृत आणि बेपत्ता होते. न्यू बेडफर्डच्या कितीतरी घरांत हीच पहिली खबर पोचली असणार.

झेंड्याची गोष्ट 'सी' कंपनीतल्याच विल्यम कार्नी या सार्जंटची. झेंडेवाला पडल्यावर त्याने झेंडा उचलला, अनेक जखमा अंगावर घेऊन तो परत आणला आणि जमिनीला टेकू दिला नाही. ह्या कामगिरीचे मेडल ऑफ ऑनर त्याला १९०० साली मिळाले. सदतीस वर्षांनी. सरकारी कामाला वेळ लागतो हे आपल्याला कोणी सांगायला नको.

उलट दिशेने, म्हणजे घरून छावणीकडे आलेली पत्रे जवळजवळ सगळी नाहीशी झाली आहेत. ओली झाली, फाटली, मेलेल्याच्या खिशातच राहिली. पण एका आईचे पत्र उरले, कारण ते मुलाला न लिहिता थेट लिंकनला लिहिले होते. ३१ जुलै १८६३, बफेलो. हॅना जॉन्सन. तिचा मुलगा ५४ व्या पलटणीत होता आणि वॅग्नरला लढला होता. आपण गुलामीतून पळालेल्या बापाची मुलगी आहोत, शाळा कधी पाहिली नाही, असे ती आधीच सांगून टाकते. मुलगा भरती होऊ लागला तेव्हा लोक म्हणाले होते की लिंकन काळ्या सैनिकांना विकू देणार नाही, म्हणून आपण त्याला जाऊ दिले, असे तिचे म्हणणे. आता शब्द पाळा. ते आमच्या माणसांना जसे वागवतील तसेच तुम्ही त्यांच्या कैद्यांना वागवा, आणि हे क्रूर वाटले तरी कचरू नका. तिला माहीत नसावे, पण लिंकनने आदल्याच दिवशी, ३० जुलैला, नेमक्या अशाच आशयाचा हुकूम काढला होता.

आता पगाराची गोष्ट. ह्या पत्रांचा खरा पीळ तिथे आहे.

भरती करताना गव्हर्नर अँड्र्यूने सांगितले होते की पगार इतर सैनिकांइतकाच मिळेल. साध्या गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, शिवाय कपड्यांचा भत्ता. प्रत्यक्षात पगारवाटप करणारा अधिकारी आला तो १८६२ च्या मिलिशिया कायद्याचे बोट धरून. तो कायदा मुळात छावणीत खंदक खणणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या काळ्या मजुरांसाठी केलेला. त्याप्रमाणे महिना १० डॉलर, त्यातून ३ डॉलर कपड्यांचे वजा. हातात ७. शिपाई असो वा सार्जंट, काळा असेल तर सातच.

पलटणीने पैसे घ्यायला नकार दिला. तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा करून देऊ केले की फरकाची रक्कम राज्य भरेल. पलटणीने तेही नाकारले. इथे माझे विद्यार्थी नेहमी अडतात. पैसे तर पूर्ण मिळत होते, मग का नको? कारण राज्याकडून फरक घेतला की केंद्र सरकारने आपल्याला सात डॉलरचे माणूस ठरवले हे मान्य केल्यासारखे झाले असते. प्रश्न सहा डॉलरचा नव्हताच. पण भूक मात्र खरी होती, आणि ती छावणीत कमी, घरी जास्त होती. छावणीत निदान शिधा मिळत होता. सैनिकाला तिकिटाविना पत्र टाकायची सोय होती, अधिकाऱ्याची सही घेऊन 'सैनिकाचे पत्र' असे वर लिहायचे आणि तीन सेंट घेणाऱ्याने भरायचे. नवऱ्याकडून पगार नाही, आणि त्याने जिवंत असल्याचे कळवले की ते सोडवून घ्यायलाही पैसे आपलेच. काहींची बायका-मुले अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात गेली. असा बिनपगारी काळ अठरा महिने चालला. तत्त्वासाठी उपाशी राहणे नवऱ्याने ठरवले आणि उपाशी बायको राहिली, असेही कोणी म्हणू शकेल. त्या बायकांचे मत नोंदवणारे कागद आपल्या हाती फारच थोडे आहेत.

२८ सप्टेंबर १८६३ रोजी मॉरिस बेटावरच्या छावणीतून गुडिंगने थेट अब्राहम लिंकनला पत्र लिहिले. त्यात अर्जदाराची लाचारी नाही आणि उर्मटपणाही नाही. तो म्हणतो की वॅग्नरच्या खंदकांत आमच्या लोकांचे रक्त सांडले आहे, शिपायाने करायचे ते सारे आम्ही केले आहे, मग सरकारने एकदा सांगून टाकावे की आम्ही सैनिक आहोत की मजूर. पुढे तो कायद्याचा मुद्दा काढतो. तो सात डॉलरचा नियम गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांसाठी आहे. त्यांच्या सेवेला आम्ही कमी लेखत नाही. पण आम्ही त्यांतले नाही, आम्ही जन्मतः स्वतंत्र माणसे आहोत.

हे पत्र युद्धखात्याच्या दप्तरात गेले आणि म्हणून उरले. आज ते अमेरिकेतल्या अनेक पाठ्यपुस्तकांत आहे. आणि या शेवटच्या मुद्द्यापाशी इतिहास शिकणाऱ्याला थांबावे लागते. कारण गुडिंग जन्मतः स्वतंत्र नव्हता.

त्याच्या लग्नाच्या आणि जहाजाच्या कागदांवर जन्मस्थान ट्रॉय, न्यूयॉर्क असे आहे, आणि बराच काळ अभ्यासकांनीही ते खरे मानले. पुढे न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय अनाथाश्रमाच्या नोंदी तपासल्यावर उलगडले की हा मुलगा नॉर्थ कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मला होता. कोणीतरी, बहुधा बापानेच, पैसे भरून त्याला सोडवले आणि १८४६ साली, आठ वर्षांचा असताना, अनाथाश्रमात ठेवले. तिथे तो लिहायला-वाचायला शिकला. नंतर काही काळ एका दंतवैद्याकडे उमेदवारी, आणि १८५६ साली 'सनबीम' या देवमाशांच्या जहाजावर. अठराव्या वर्षी खलाशी म्हणून नाव लिहिताना त्याने जन्मगाव बदलले. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना पकडून देणे सर्व राज्यांत बंधनकारक केले होते. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने काळी माणसे या देशाचे नागरिकच नाहीत असे ठरवले. अशा दिवसांत दक्षिणेतले जन्मस्थान कागदावर घेऊन बंदरोबंदरी फिरणे म्हणजे गळ्यात दोरी बाळगणेच.

मग राष्ट्राध्यक्षाला लिहिलेल्या पत्रात तो खोटे बोलला का? बोलला. मला त्यात त्याची लबाडी दिसत नाही, पण ते खोटे नव्हते अशी सारवासारवही करावीशी वाटत नाही. त्याने जे वाक्य लिहिले ते पलटणीच्या वतीने होते, आणि पलटणीतले बहुसंख्य खरोखरच उत्तरेत स्वतंत्र जन्मलेले होते. पण युक्तिवाद चालावा म्हणून त्याला स्वतःच्या जन्माला, कदाचित आईलाही, रेषेपलीकडे ठेवावे लागले. समान पगार मागायला आधी 'आम्ही त्यांच्यातले नाही' असे म्हणावे लागणे, हे त्या कायद्याचे सर्वांत वाईट काम होते.

ही रेषा पुढे सरकारनेही ओढली. १५ जून १८६४ रोजी काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. १ जानेवारी १८६४ पासून सर्वांना पूर्ण पगार. त्याआधीचा फरक मात्र फक्त त्यांना, जे १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र होते. म्हणजे एकाच तंबूत झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला अर्धे. यावर पलटणीचा नवा कर्नल एडवर्ड हॅलोवेल याने एक शपथ रचली. १९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्याआधी माझ्यावर कोणाचेही फुकट श्रमाचे देणे नव्हते, अशा अर्थाची. कायद्याच्या दृष्टीने गुलाम असलेला माणूसही ती खुशाल घेऊ शकत होता, कारण देवाच्या दृष्टीने त्याचे श्रम कोणाच्या मालकीचे नव्हतेच. कर्नल क्वेकर घराण्यातला होता, म्हणून तिला 'क्वेकर शपथ' म्हणू लागले. सगळ्यांनी घेतली.

सप्टेंबरअखेर, गुडिंगच्या पत्राला वर्ष होत आले असताना, पैसे आले. या एका पलटणीला एक लाख सत्तर हजार डॉलर लागले. छावणीत दोन दिवस गाणे-बजावणे चालले, आणि ५३ हजारांहून अधिक डॉलर लगेच कुरियरने घरोघर रवाना झाले.

गुडिंग तेव्हा नव्हता. २० फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लोरिडात ओलस्टीची लढाई झाली. ५४ वी पलटण सात डॉलर पगाराचा उपहासाने जयजयकार करत रणात उतरली म्हणतात. तिथे गुडिंग जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध तुरुंगात १९ जुलैला तो मेला, कायदा मंजूर झाल्यावर महिन्याभराने. त्या तळावर आणलेल्या सुमारे ४५ हजार कैद्यांपैकी १३ हजारांच्या आसपास तिथेच मेले. शेवटपर्यंत त्याने सरकारकडून सात डॉलरही घेतले नव्हते आणि तेराही. मागे न्यू बेडफर्डला त्याची बायको एलेन होती. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती.

१९८९ साली या पलटणीवर 'ग्लोरी' हा चित्रपट आला. चांगला चित्रपट आहे, डेन्झेल वॉशिंग्टनला त्यासाठी ऑस्कर मिळाले. पण त्यात पत्रे वाचतो तो कर्नल शॉ. श्रीमंत बॉस्टनी घराण्यातली त्याची पत्रे घरच्यांनी नीट जपली होती. काळे शिपाई चित्रपटात बहुतेक पळून आलेले अशिक्षित गुलाम दाखवले आहेत, कर्नलला पत्रे लिहिता येतात आणि त्यांना बूट घालता येत नाहीत असे. गुडिंगची ४८ पत्रे पुस्तकरूपाने आली ती १९९१ साली, तोवर ती जुन्या 'मर्क्युरी'च्या अंकांत पडून होती. बॉस्टनच्या मैत्रिणींनो, कॉमनच्या कोपऱ्यावर शॉ आणि त्याच्या शिपायांचे ब्राँझचे शिल्प आहे, १८९७ सालचे. मागच्या बाजूला आधी फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरली होती. वॅग्नरला पडलेल्या काळ्या शिपायांची नावे तिथे आली ती १९८० च्या दशकात.

या युद्धाशी आपलाही थोडा संबंध आहे. दक्षिणेच्या बंदरांची कोंडी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचा जुगार चढला आणि १८६५ साली युद्ध संपताच कोसळला. ज्या वर्षात गुडिंग सात डॉलर नाकारत होता त्याच वर्षात आपल्याकडे त्याच युद्धावर लोक लखपती होत होते.

दुसरा संबंध जास्त मोलाचा. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केले, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीच्या गौरवार्थ. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा ही इच्छा त्यात होती. ही अर्पणपत्रिका आपण इथे अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पुण्यात बसून इतक्या दूरचे दुःख आपल्या दुःखाशी जोडणारा माणूस त्या काळात दुसरा कोण होता? पण आज, 'सी' कंपनीची पत्रे वाचल्यावर, ती अर्पणपत्रिका मला अपुरी वाटते. तिच्यात मुक्त करणारे आहेत. स्वतः बंदूक घेऊन आलेले, सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक नाहीत. फुल्यांना परोपकार दिसला आणि त्यांनी त्याचे कौतुक केले. गुडिंग मात्र परोपकार मागतच नव्हता, तो ठरलेला पगार मागत होता. गंमत अशी की स्वतः फुल्यांचे पुढचे सारे काम गुडिंगच्या बाजूचे आहे, अर्पणपत्रिकेच्या बाजूचे नाही.

विल्यम कार्नी, तो झेंडा उचलणारा सार्जंट, वाचला. पायाच्या जखमेमुळे लंगडत राहिला. १८६९ साली न्यू बेडफर्डला परतून त्याने टपालखात्यात नोकरी धरली. पुढची ३२ वर्षे तो त्या गावात घरोघर पत्रे वाटत होता.